दोन सुलट, दोन उलट

आमच्या प्रोग्रॅमचं बिऱ्हाड आम्ही एका शनिवारी रात्री हलवलं. सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेसाठी मी तो लिहिला होता. दिवसभराच्या भरण्याचा, वसुलीचा आणि थकबाकीचा अहवाल रोज रात्री काढायचा आणि ठरलेल्या फोल्डरात नेऊन ठेवायचा, एवढंच त्याचं काम. तीन वर्षं तो विंडोजच्या मशीनवर सुखानं नांदला. पुढे संचालक मंडळात कुणीतरी म्हणालं, की लिनक्सला लायसन्सचे पैसे पडत नाहीत. 'पैसे पडत नाहीत' हे वाक्य पतसंस्थेत एकदा उच्चारलं गेलं की त्यावर चर्चा होत नाही, थेट ठराव होतो.

सोमवारी सकाळी अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे संस्थेतले सगळ्यात जुने लिपिक. संगणक येण्याआधीपासून संस्थेत आहेत आणि संगणक गेल्यावरही असणार, अशी त्यांची स्वतःची खात्री आहे.

"साहेब, अहवाल न्हाई आला."

"येईल अण्णा. बघतो."

"तुमी म्हनला हुता, काय बदलनार न्हाई. निस्तं मशीन बदलंल."

म्हणालो होतो खरा. लॉग उघडला, तर त्यात एकही चूक नाही. प्रोग्रॅमचं म्हणणं असं, की मी अहवाल काढला, लिहिला, नेऊन ठेवला आणि झोपलो. फोल्डर उघडलं, तर ते रिकामं. अर्धा तास शोधल्यावर तो सापडला. 'अहवाल' नावाचं फोल्डर, त्यात '२०१९', त्यात 'मार्च', त्यात 'दैनिक' नावाची फाइल, असं काही तिथं नव्हतंच. एकच फाइल होती आणि तिचं नाव होतं 'अहवाल\२०१९\मार्च\दैनिक.सीएसव्ही'. सगळं मिळून एक नाव!

विंडोजवर उलटी तिरकी रेघ म्हणजे 'च्या आत'. लिनक्सच्या लेखी ते चारचौघांसारखं एक अक्षर आहे आणि फाइलच्या नावात ते खुशाल चालतं. मी कोडमध्ये हातानं लिहिलेल्या त्या रेघा लिनक्सनं नावाचाच भाग समजून आदरानं जशाच्या तशा ठेवल्या होत्या. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायच्या ऐवजी 'घर नंबर अमुक, मारुतीच्या देवळामागे, मंगळवार पेठ, तालुका कऱ्हाड' असं सांगावं आणि जमलेल्या बायकांनी त्यावरच 'कुर्र' करून घुगऱ्या वाटाव्यात, तसं हे झालं. बाळ ठणठणीत आहे, नावही ठेवलं गेलंय, फक्त घरी कुणी पोचत नाही.

या रेघांचा घोळ ज्यांनी घातला त्यांचा तसा दोष नाही. ज्याला जी जागा मोकळी दिसली तिथं तो बसला. उलटी रेघ संगणकाच्या अक्षरमालेत आली ती फोल्डरांसाठी नव्हेच. १९६१ मध्ये बॉब बेमर यांनी ती सुचवली. अल्गोल भाषेतली 'आणि' आणि 'किंवा' ही चिन्हं एक सुलट, एक उलट अशा दोन रेघा जोडून /\ आणि \/ अशी काढता यावीत, हा हेतू. युनिक्सनं पुढे सत्तरीच्या सुरुवातीला फोल्डरांसाठी सुलट रेघ उचलली आणि तो विषय संपवला. १९८१ सालच्या पहिल्या डॉसला मात्र फोल्डर ही चीजच ठाऊक नव्हती. एका फ्लॉपीवर मावतील तेवढ्या फाइली, म्हणजे एका खोलीत सगळं बिऱ्हाड. दारावर पाटी कशाला? १९८३ मध्ये आयबीएमचा एक्सटी १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला, घर मोठं झालं, आणि डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले. आता मध्ये घालायला रेघ हवी. सुलट रेघेकडे बघावं, तर तिच्यावर आधीच रुमाल टाकलेला! हुकमांच्या शेपटीला जोडायच्या सूचनांसाठी ती केव्हाच धरून ठेवलेली होती. एसटीत रुमाल पडलेल्या जागेवर बसायची हिंमत मायक्रोसॉफ्टलाही झाली नाही. ते शेजारच्या रिकाम्या सीटवर बसले, आणि त्या सीटचं तोंड उलट्या दिशेला होतं.

यातली खरी मेख अशी, की डॉसच्या पोटात दोन्ही रेघा चालत होत्या. आजच्या विंडोजच्या पोटातही बहुतेक ठिकाणी चालतात. अडवणारा असतो तो दारावरचा हुकूम घेणारा. म्हणजे मी त्या तीन वर्षांत विंडोजवरही सुलट रेघ लिहिली असती तरी चाललं असतं, आणि लिनक्सवर तर चाललंच असतं. हे कळलं तेव्हा खिशात चावी असताना खिडकीतून उड्या मारणाऱ्या माणसासारखं मला वाटलं.

लहानपणी आई स्वेटर विणायची तेव्हा तोंडानं मोजत असायची, 'दोन सुलट, दोन उलट'. मध्ये कुणी बोललं तर टाका चुकायचा आणि सगळी ओळ उसवायला लागायची. आता माझं पोट त्याच मंत्रावर भरतं. वेबच्या पत्त्याला सुरुवातीला दोन सुलट, आणि विंडोजच्या जाळ्यातल्या दुसऱ्या मशीनकडे जायचं तर सुरुवातीला दोन उलट. त्यातल्या सुलट जोडीबद्दल टिम बर्नर्स-ली यांनी २००९ मध्ये उघड कबुली दिली, की त्या दोन रेघांची खरं तर गरज नव्हती. एवढ्या वर्षांत जगानं किती वेळा ती जोडी टंकली असेल! उलट जोडीबद्दल अजून कुणी माफी मागितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. उलट तिचा त्रास दुप्पट, कारण बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत उलट्या रेघेला स्वतःचा वेगळा अर्थ असतो. म्हणून एक उलट रेघ हवी असेल तर दोन लिहायच्या आणि दोन हव्या असतील तर चार. पंगतीत दोन जिलब्या हव्या असतील तर चारदा मागाव्या लागतात, तसा हिशेब.

तोही दर वेळी लागू होत नाही, म्हणून तर माणूस फसतो. मी एकदा सी ड्राइव्हवरच्या 'टेम्प' फोल्डरातलं 'न्यू' फोल्डर, असा पत्ता रोमन लिपीत एकेरी उलट्या रेघांनी लिहिला. भाषेनं उलट्या रेघेपुढचा 'टी' वाचून टॅब मारला आणि दुसऱ्या उलट्या रेघेपुढचा 'एन' वाचून नवी ओळ सुरू केली. प्रोग्रॅम 'सी' म्हणून थोडा थांबला, मध्ये श्वास घेतला आणि उरलेला पत्ता पुढच्या ओळीवर म्हणायला लागला, एखाद्या कीर्तनकारासारखा. तेच 'पावत्या' नावाचं फोल्डर असेल तर काही होत नाही, कारण पायथॉनमध्ये उलट्या रेघेपुढच्या 'पी'ला विशेष अर्थ नाही. त्यामुळे पावत्या वर्षभर नीट चालतात आणि आपला समज होतो की आपल्याला येतं.

उलटी रेघ परदेशात वेगळी वेषभूषा करते. जपानी विंडोजवर तिच्या जागी येनचं चिन्ह दिसायचं, कोरियन विंडोजवर वोनचं. तिथल्या माणसाला सी ड्राइव्हचा पत्ता म्हणजे एखाद्या मालाची किंमत लिहावी तसा दिसायचा. आपल्याकडे तिथं रुपयाचं चिन्ह बसलं नाही हे बरं झालं. आमच्या संचालक मंडळानं फोल्डरागणिक व्याज लावलं असतं.

तर मी कोडमधल्या उलट्या रेघा शोधून सुलट केल्या आणि निर्धास्त झोपलो. मंगळवारी पुन्हा फोन. या वेळी फोल्डर झाले होते, फाइलही झाली होती, पण भलत्याच जागी. मी पत्ता लिहिला होता 'अहवाल'पासून. हा पत्ता सापेक्ष, म्हणजे 'इथनं सरळ जा, दुसऱ्या बोळात वळा' या जातीचा. असा पत्ता बरोबर की चूक हे पत्त्यावर ठरत नाही, सांगणारा कुठं उभा आहे त्यावर ठरतं. मी स्वतः प्रोग्रॅम चालवतो तेव्हा मी त्याच्याच फोल्डरात उभा असतो. लिनक्सवर तोच प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून लावला, की वेगळं काही सांगितलं नसेल तर तो अख्ख्या डिस्कच्या मुळाशी उभा राहतो. (तिथं लिहायची परवानगी त्याला कशी मिळाली, हे कृपया विचारू नका. मी त्याला रूट म्हणून चालवत होतो. आता सुधारलोय.) विंडोजवर सर्व्हिस लावली तर ती सिस्टिम-३२ नावाच्या गाभाऱ्यात जाऊन उभी राहते आणि देवाच्या पायाशी आपल्या चपला काढते. विंडोजमध्ये याहून एक बेरकी प्रकार आहे. 'सी:' लिहून पुढे रेघ न घालता नाव लिहिलं, तर त्याचा अर्थ सी ड्राइव्हच्या सुरुवातीला असा होत नाही. सी ड्राइव्हवर तुम्ही शेवटचे जिथं होता तिथं, असा होतो. म्हणजे पत्त्यात शहर दिलंय, पण गल्ली मात्र 'आपण मागे भेटलो होतो ना, तीच'.

बुधवारी मी पत्ता मुळापासून लिहिला, तोही कोडमध्ये न कोंबता सेटिंगमध्ये ठेवला, आणि अहवाल जागेवर आला. अण्णा खूश झाले. आणि मग ते कागदपत्रं अपलोड करायला लागले.

अण्णांनी फाइलला नाव दिलं, 'कर्जप्रकरणी जामीनदार बदलणेबाबतचा विनंती अर्ज व त्यासोबत जोडलेल्या कागदपत्रांच्या सत्यप्रती'. चाळीस वर्षं टपालाच्या नोंदवहीत 'विषय' या रकान्यात जे लिहिलं, तेच. त्यांच्या विंडोजवर हे नाव आरामात बसलं, कारण तिथं २५५ अक्षरांपर्यंत मोजतात. आमच्या लिनक्स सर्व्हरनं ते नाकारलं. तिथंही मर्यादा २५५चीच, पण मोजायची ती बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना वेगळा, मात्रा वेगळी, पाय मोडला तर त्याचेही तीन. मी बसून मोजलं. ८१ चिन्हं म्हणजे २४३, मधल्या ९ मोकळ्या जागा, आणि शेवटी टिंब धरून पीडीएफचे ४. एकूण २५६. एका बाइटनं अर्ज फेटाळला गेला! 'विनंती'वरचा अनुस्वार खाल्ला असता तरी भागलं असतं. पण हे अण्णांना सुचवायची माझी छाती झाली नाही, त्यांचं शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं आहे.

त्यानंतर सातबारा. जमीन तारण ठेवणारा प्रत्येक माणूस सातबारा आणतो, आणि अण्णा त्याला '७/१२' असंच लिहिणार. हे नाव जगातल्या बहुतेक मशीनना चालत नाही. लिनक्सला विचाराल तर '७/१२' म्हणजे सात नावाच्या फोल्डरातली बारा नावाची फाइल. एका परीनं तो बरोबरच बोलतोय, गावनमुना सात आणि गावनमुना बारा मिळूनच तो उतारा होतो. गट नंबर ४५/२/१ तर आधीपासूनच पाथ आहे. भावाभावांत वाटण्या झाल्या की एक रेघ वाढते. हे नाव चालवून घेणारा एकच भला माणूस मला भेटला, तो मॅक. जुन्या मॅकवर फोल्डरांच्या मध्ये रेघ नसायची, अपूर्णविराम असायचा. आता आतून तो युनिक्सच आहे, तरी जुन्या सवयीला जागून फाइंडरमध्ये तुम्हाला नावात सुलट रेघ घालू देतो आणि आतल्या युनिक्सला गुपचूप तिच्या जागी अपूर्णविराम दाखवतो. संस्थेचे सनदी लेखापाल मॅक वापरतात. त्यांनी '७/१२' नावाची फाइल बनवली, ती युनिक्सच्या लेखी '७:१२' झाली, तशीच लिनक्सवर आली, लिनक्सनं काही हरकत घेतली नाही, आणि अण्णांच्या विंडोजनं ती उतरवून घ्यायला साफ नकार दिला, कारण तिथं अपूर्णविरामाचा मान फक्त ड्राइव्हच्या अक्षराला. अण्णा म्हणाले, "सात वाजून बारा मिंटं झाली असं दिसतंय हितं. जमीन कुटं हाय?"

पण सगळ्यात खोल खड्डा निघाला तो कऱ्हाड शाखेत. लेखापालांनी 'कऱ्हाड' नावाच्या फोल्डरात ताळेबंद पाठवले. सर्व्हरवर 'कऱ्हाड' नावाचं फोल्डर होतंच. तरी प्रोग्रॅम म्हणे, फोल्डर नाही. पडद्यावर दोन कऱ्हाड एकाखाली एक, कानामात्रेचाही फरक नाही. शेवटी आतले आकडे उघडून पाहिले. आपला हा 'ऱ' संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक अखंड अक्षर, किंवा साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता. लेखापालांचा मॅक जुना होता. २०१७ मध्ये मॅकवर नवी फाइल-व्यवस्था येण्याआधीची व्यवस्था अशी अक्षरं सुटी करूनच डिस्कवर ठेवायची. लिनक्स काहीच करत नाही, बाइट जसे आले तसे ठेवतो आणि एका बाइटचा फरक असला तरी तो दुसरा गाव मानतो. शिवाय उंब्रज शाखेतला मुलगा जुन्या कीबोर्डवर र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्याच वाटेनं तिथं पोचायचा. असे आमच्या सर्व्हरवर तीन कऱ्हाड नांदत होते. रेल्वेच्या पाटीवरचं 'कराड' धरलं तर चार. ज्या भाषेत बिऱ्हाड, गुऱ्हाळ, वऱ्हाड आणि घुगऱ्या आहेत तिनं फाइलींची नावं ठेवताना जपून राहावं, एवढं मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. इंग्रजीत ट्युटोरियल लिहिणाऱ्यांना हा खड्डा कधी लागत नाही, म्हणून तिथं त्याची पाटीही नसते.

इंग्रजीचे खड्डे वेगळे. त्यांच्यात थोरली अक्षरं आणि धाकटी अक्षरं असा भेद आहे. लिनक्स तो कसोशीनं पाळतो. विंडोज आणि मॅक नाव जसं लिहिलं तसं लक्षात ठेवतात, पण हाक मारताना दोघांना सारखंच मानतात. खुद्द लिनक्सच्या गाभ्याच्या सोर्समध्ये काही फाइलींच्या अशा जोड्या आहेत, की एकीचं नाव थोरल्या अक्षरांत, दुसरीचं तेच नाव धाकट्यांत. विंडोजवर ते सोर्स उतरवलं की जुळ्यातलं एक हरवतं. आणि विंडोजवर काही नावं मुळातच राखीव आहेत: कॉन, पीआरएन, ऑक्स, नल. फोल्डर नव्हते त्या काळात कीबोर्ड, प्रिंटर वगैरेंना ही नावं दिली होती. एकच खोली होती, त्यामुळे ती कुठूनही हाक मारली तरी ऐकू यायची. पुढे खोल्या वाढल्या, पण ही मंडळी प्रत्येक खोलीत हजर राहिली, घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी. आमच्या शेअर कॉन्ट्रिब्यूशनच्या फाइलला मी एकदा लाडानं रोमनमध्ये 'कॉन' असं नाव दिलं होतं. लिनक्सवर ती लाडात वाढली.

ब्राउझर तर सरळ खोटा पत्ता सांगतो. तुम्ही फाइल निवडली की पानातल्या स्क्रिप्टला तो तिचा पत्ता 'सी:\फेकपाथ\' असा देतो आणि पुढे नाव जोडतो. लिनक्सवर असलात, मॅकवर असलात, तरी हेच. पूर्वी काही ब्राउझर खरा, पूर्ण पत्ता सांगायचे. त्यात माणसाचं नाव-गाव उघडं पडायचं, म्हणून ते बंद केलं. पण काही साइट्सना पत्त्यात उलटी रेघ बघायची इतकी सवय झाली होती, की तिच्यावाचून त्या चालेनात. म्हणून हा मानाचा खोटा पत्ता ठेवला. माझ्या प्रोग्रॅमनं तो खरा मानला होता, हे वेगळं सांगायला नको.

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण दोन टिंबांची गोष्ट तशी नाही. दोन टिंबं म्हणजे 'एक पायरी वर'. बाहेरच्या माणसानं दिलेलं फाइलचं नाव तुम्ही डोळे मिटून आपल्या फोल्डराला जोडलंत, आणि त्या नावात दोन टिंबं आणि रेघ असं चारदा आलं, तर पाहुणा ओसरीवरून थेट तुमच्या तिजोरीपाशी. मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्ये २००० साली अशीच एक फट निघाली. दोन टिंबांपुढे सुलट रेघ दिसली की तो अडवायचा, पण तीच रेघ युनिकोडचं वेडंवाकडं सोंग घेऊन आली की आत सोडायचा. २००१ च्या सप्टेंबरात निमडा नावाचा किडा ज्या वाटांनी जगभर पसरला, त्यातली ही एक. तेव्हा नाव जोडून झाल्यावर पत्ता सरळ करून घ्यायचा आणि तो अजून आपल्याच वाड्यात आहे ना, हे तपासायचं. मी हे आता करतो. आधी का करत नव्हतो, ते वर रूटबद्दल लिहिलंय त्याच कंसात धरावं.

रेघांवरचा उतारा फार जुना आहे आणि फुकट आहे. पायथॉनमध्ये पत्ते जोडणारं फंक्शन आहे, २०१४ पासून तर पाथलिब नावाचं सबंध सोपस्कारखातं आहे. जावा, गो, नोड, सगळ्यांकडे आपापलं आहे. तुम्ही फक्त तुकडे द्यायचे, मध्ये कुठली रेघ घालायची ते मशीन बघून तेच ठरवतं. आमच्याकडे नुकतीच लागलेली मुलगी माझा कोड वाचून म्हणाली, "सर, तुम्ही १४३ ठिकाणी हातानं रेघ ओढलीय." स्वरात आदर होता, पण तो आजोबांच्या मोडी अक्षराबद्दल असावा तसा. त्या दुपारी मी १४३ च्या १४३ जागा जोड-फंक्शननं बदलल्या. नव्यानं माळ घातलेला माणूस चहातही तुळस टाकतो, तशी मी वेबच्या पत्त्यांनाही तीच माळ घातली. माझ्या लॅपटॉपवर विंडोज, त्यामुळे वेबच्या पत्त्यात उलट्या रेघा आल्या. ब्राउझर समजूतदार असतो, तो उलट्या रेघा मुकाट सुलट करून घेतो, म्हणून मला पत्ताच नाही. पैसे ज्या बँकेकडे पाठवायचे तिचा सर्व्हर समजूतदार नव्हता. वेबचा पत्ता कुठल्याही मशीनवर सुलट रेघांचाच असतो, हे त्या मुलीनं मला अगदी हळू आवाजात सांगितलं.

आता सगळं मार्गी लागलंय. फक्त ती पहिली फाइल, पत्ता हेच नाव असलेली, मी काढली नाही. आधी राहून गेली, मग जीव होईना. मुळातून उचलून अहवालांच्या फोल्डरात ठेवली. ते फोल्डर आता पतसंस्थेतल्या विंडोजच्या मशीनवरही दिसतं. विंडोजला असं नाव पेलत नाही, म्हणून मधला दुभाषा तिला काहीतरी अगम्य आखूड टोपणनाव देतो, मध्ये एक नागमोडी रेघ घातलेलं. गेल्या आठवड्यात अण्णांनी ते पाहिलं.

"साहेब, ही कुनाची फाइल म्हनायची? नावावरनं काय वळख पटंना."

"राहू द्या अण्णा. आपलीच आहे."